शाळेच्या लॅबमधलं विंडोज १० : लिनक्स टाकावं का? आणि उघड्या कोडवर विश्वास ठेवायचा तो कशाच्या जोरावर?

मलप्रभाकाठ
नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यात एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते, कॉम्प्युटर लॅबही माझ्याचकडे आहे कारण बघायला दुसरं कुणी नाही. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून दिलेल्या दहा-बारा मशिनी आहेत, चौथ्या-पाचव्या पिढीचे इंटेल प्रोसेसर, ४ जीबी रॅम, सगळ्यांवर विंडोज १०. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ यांच्यावर चढत नाही, त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप पाहिजे आणि इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर पाहिजे. मशिनी धडधाकट आहेत, मुलं रोज बसतात, आणि त्या भंगारात काढायच्या ही कल्पनाच मला सहन होत नाही.

शाळा कमिटीत दोन तट पडलेत. एक माजी विद्यार्थी म्हणतो लिनक्स टाकूया, ते विंडोजसारखंच मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे, जुन्या मशिनीवर पळतं. दुसरे एक सदस्य म्हणतात की ओपन सोर्समध्ये, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना उघडा असतो त्या सॉफ्टवेअरमध्ये, कुणीही येऊन काहीही घालू शकतं, २०२४ मध्ये त्या एक्सझेड नावाच्या टूलचं काय झालं ते वाचा, मुलांच्या मशिनीवर असलं काही नको.

तर मला दोन्ही गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. लॅबचं काय करू हे एक, आणि उघडा कोड सुरक्षित म्हणायचा तो कशामुळं हे दुसरं. मी हे नववीच्या मुलांना शिकवणार आहे, त्यामुळं नुसतं "चालतंय की" असं उत्तर नको, कारण पाहिजे.

चिकोडी_एक्सप्रेस
लिनक्सला व्हायरस येत नाही. टाका बिनधास्त.

उद्यमबाग_लेथ
बाई, आधी एक सांगा, त्या मशिनींवरचं विंडोज तरी ओरिजिनल आहे का?

मलप्रभाकाठ
काहींवर स्टिकर आहे. बाकीच्यांवर दुकानदारानं "टाकून" दिलेलं आहे. पावतीवर त्याचा उल्लेख नाही.

उद्यमबाग_लेथ
मग तुमच्या कमिटीतल्या त्या सदस्यांना हे पहिलं सांगा. टाकून दिलेलं विंडोज म्हणजे अ‍ॅक्टिव्हेटर मारलेलं असतंय, म्हणजे लायसन्स न घेता विंडोज चालू करून देणारा प्रोग्रॅम. तो अ‍ॅक्टिव्हेटर चालवायच्या आधी अँटिव्हायरस बंद करा म्हणतंय, मग अ‍ॅडमिन हक्क मागतंय, आणि आपण दोन्ही देतो. तो कुणी बनवला, कुठल्या साइटवरनं आणला, आत काय आहे, कुणालाच माहीत नाही. एक्सझेडची भीती वाटणाऱ्या माणसानं ह्याची शंभरपट भीती बाळगायला पाहिजे. खरं आमच्याकडं ह्याच्याबद्दल कुणी बोलतच नाही, कारण सगळ्यांच्या घरात तेच आहे.

माझं काम मशीन शॉपचं, कास्टिंग येतात, आम्ही मशिनिंग करून देतो. आमच्या भागात अजून कितीतरी सीएनसीच्या (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनच्या) शेजारी जुन्या विंडोज एक्सपीचा पीसी बसलेला दिसेल. मालक अडाणी आहे म्हणून नव्हे, कंट्रोलरचं सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालतंय आणि मशीन विकणारी कंपनी नवीन व्हर्जन द्यायला तयार नाही, दिलंच तर लाखात किंमत सांगते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय, फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, आला तेव्हा आमच्या एका ओळखीच्या शॉपमधली ड्रॉइंगं गेली. मायक्रोसॉफ्टनं त्या भोकाचं पॅच, म्हणजे दुरुस्ती, १४ मार्च २०१७ लाच काढलं होतं, हल्ला झाला १२ मे ला. दोन महिने होते हातात! पण ज्याच्यावर अपडेट बंद करून ठेवलेलं, त्याला काय उपयोग. एक्सपीसाठी तर पॅच हल्ल्यानंतर आलं.

तेव्हापासनं आमचा नियम एकच, एक्सपीच्या पीसीला नेटवर्कची वायर नाही. प्रोग्रॅम न्यायला वेगळा पेन ड्राइव्ह, तो दुसऱ्या कशाला लावायचा नाही.

संकेश्वरी_मिरची
आमच्या ऑफिसातल्या पेन ड्राइव्हनं अख्खा हुक्केरी तालुका बघून झालाय, माझ्यापेक्षा जास्त फिरलाय तो 😄

निपाणी_टू_बंगळूर
@चिकोडी_एक्सप्रेस भावा, लिनक्सला व्हायरस येत नाही हे वाक्य आधी काढून टाक बघू. डेस्कटॉप लिनक्स वापरणारी माणसं कमी म्हणून तिकडं कुणी फारसं फिरकत नाही एवढंच. सर्व्हरवर लिनक्सच जास्त, तिथं हल्ले रोज होतात. बाई मुलांना शिकवणार आहेत, त्यांना अर्धवट माहिती नको द्यायला.

आता एक्सझेड. मी बंगळूरला सर्व्हरचंच काम करतो, हे लई जवळनं बघितलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एक्सझेड हे फाइल दाबून लहान करायचं टूल. जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असतं, कुणाचं लक्ष नसतं. लासे कॉलिन नावाचा फिनलंडचा माणूस वर्षानुवर्षं ते एकटा सांभाळत होता, पगार नाही काही नाही. २०२१ पासून जिया टॅन नावाचं एक खातं त्यात छोटे छोटे पॅच पाठवायला लागलं. चांगले पॅच होते, कामाचे. २०२२ मध्ये दुसरी काही खाती मेलिंग लिस्टवर येऊन कॉलिनच्या मागं लागली, काम किती हळू चाललंय, दुसऱ्याला का देत नाहीस. त्या माणसानं उघड लिहिलं होतं की मानसिक तब्येतीमुळं मला पूर्वीसारखं जमत नाही आणि हा छंदातला प्रोजेक्ट आहे. तरी रेटा चालूच. शेवटी जिया टॅनला हक्क मिळाले, रिलीज तोच काढायला लागला.

आणि मग फेब्रुवारी-मार्च २०२४ मध्ये ५.६.० आणि ५.६.१ ह्या दोन व्हर्जनमधनं बॅकडोअर, म्हणजे चोरदरवाजा, आला. आपल्याकडं वाटेकरी दोन वर्षं इमानानं राबतो, घरच्यासारखा होतो, आणि मग एका रात्री बांध कोरतो, तशातला प्रकार. कोड तपासायच्या फायलीत दडवलेला, टेस्टसाठी ठेवलेल्या बायनरी फायली असतात त्यात. आणि तो चालू करणारी ओळ गिटमधल्या, म्हणजे जिथं सगळे कोड बघतात तिथल्या, कोडमध्ये नव्हतीच, रिलीजचा जो टारबॉल, म्हणजे वाटायचा गठ्ठा, बनतो फक्त त्याच्यात होती. म्हणजे गिटवर कोड वाचत बसणाऱ्याला ती दिसलीच नसती. डेबियन, फेडोरासारख्या लिनक्सच्या प्रकारांत एसएसएचला, म्हणजे लांबून सर्व्हरवर लॉगिन करायच्या प्रोग्रॅमला, सिस्टमडी नावाच्या सिस्टीमच्या भागामार्फत एक्सझेडची लायब्ररी (तयार कोडचा तुकडा) जोडली जाते, त्या वाटेनं हा आत शिरणार होता. ज्याच्याकडं किल्ली, त्याला सर्व्हरवर पाहिजे ती कमांड चालवता आली असती. धोक्याचा आकडा १० पैकी १० दिला त्याला.

पकडला कुणी? आंद्रेस फ्रॉइंड. पोस्टग्रेस डेटाबेसचा डेव्हलपर, नोकरी मायक्रोसॉफ्टमध्ये. तो डेटाबेसचा वेग मोजत होता, त्याला दिसलं की एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय आणि सीपीयू उगाच खातंय. अर्धा सेकंद! आपण चहा आणायला गेलो असतो. तो बसला खोदत, आणि २९ मार्च २०२४ ला, गुड फ्रायडे होता त्या दिवशी, सगळं जाहीर केलं. डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबल ह्या चाचणीच्या आवृत्त्यांपर्यंत पोचलं होतं, सगळ्यांसाठीच्या स्टेबलमध्ये गेलं नव्हतं. बहुतेक साध्या माणसांच्या मशिनीपर्यंत आलंच नाही.

दूधगंगा
मग सदस्यांचं म्हणणं बरोबरच झालं की. दोन वर्षं गोड बोलून कुणीही आत शिरू शकतं. आणि पकडला गेला तो योगायोगानं. एका माणसाला अर्धा सेकंद खटकला नसता तर?

मी ओपन सोर्सच्या विरोधात नाही. खरं आमच्या हॉस्पिटलात मी सिस्टीम बघते, रात्री दोन वाजता सर्व्हर पडला तर मला फोन करायला कुणीतरी पाहिजे. कंपनीच्या सॉफ्टवेअरला करार असतो, नंबर असतो, जबाबदार माणूस असतो. फुकटच्या सॉफ्टवेअरला मी कुणाचं दार वाजवू?

निपाणी_टू_बंगळूर
योगायोगानं हे खरंय ताई. पण आंद्रेसला खोदता कशामुळं आलं ते बघा. त्याच्याकडं सोर्स होता, टारबॉल होता, गिट होतं, तिन्ही शेजारी ठेवून फरक दिसला. बंद सॉफ्टवेअरमध्ये अर्धा सेकंद जास्त लागला असता तर त्यानं काय केलं असतं? तक्रार नोंदवली असती आणि "आम्ही बघतो" असं उत्तर आलं असतं. बस.

सोलरविंड्स ह्या अमेरिकन कंपनीचं प्रकरण आठवा, डिसेंबर २०२० ला उघडकीला आलं. बंद सॉफ्टवेअर, मोठी कंपनी, करार, फोन नंबर सगळं होतं. हल्लेखोरांनी कंपनीच्या बिल्डमध्येच, म्हणजे सॉफ्टवेअर तयार होतं तिथंच, घुसून अपडेटमधनं बॅकडोअर पाठवला, सुमारे १८,००० ग्राहकांकडं ते अपडेट गेलं, अमेरिकन सरकारची खाती त्यात. महिनोन्महिने कुणाला पत्ता नाही. एक्सझेड पहिल्या खराब रिलीजपासून काही आठवड्यांत पकडलं.

दूधगंगा
हे मान्य. आणि १९ जुलै २०२४ चं क्राउडस्ट्राइक ह्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीचं प्रकरण मी पण भोगलंय, हल्ला नव्हता, कंपनीचंच चुकलेलं अपडेट, जगभरात ८५ लाख विंडोज मशिनी निळ्या पडद्यावर अडकल्या. विमानतळावर हातानं बोर्डिंग पास लिहीत होते. फोन नंबर होता, लागत नव्हता.

तरी माझा मुद्दा सोडत नाही. शाळेत उद्या काही अडलं तर बाईंनी कुणाला विचारायचं हे आधी ठरवा, मग लिनक्स टाका.

टिळकवाडीचे_काका
चर्चा चांगली चालली आहे म्हणून दोन शब्द. मी बँकेच्या कॉम्प्युटर विभागात नोकरी केली, आता निवृत्त आहे.

आमच्या वेळेपासून एक समजूत ऐकत आलो, की कोड उघडा असला की हजारो डोळे तो बघतात आणि चूक राहत नाही. ही समजूत मुलांना तशीच शिकवू नये असं माझं ठाम मत आहे. कोड बघता येतो आणि कोड बघितला जातो, यात फार अंतर आहे. २०१४ चं हार्टब्लीड घ्या. ओपनएसएसएल म्हणजे इंटरनेटवरच्या निम्म्याअधिक व्यवहाराचं कुलूप. २०१२ मध्ये त्यात चूक शिरली, एप्रिल २०१४ पर्यंत तिथेच. समोरच्यानं सांगितलेली लांबी न तपासता तेवढी मेमरी परत पाठवायची, इतकी साधी चूक. त्यातून पासवर्ड आणि किल्ल्यासुद्धा गळू शकत होत्या. कोड पूर्ण उघडा होता. दोन वर्षं कुणी पाहिलं नाही.

आणि मग कळलं की या प्रकल्पाकडे पूर्णवेळ काम करणारा माणूस जेमतेम एक आणि देणग्या वर्षाला सुमारे २,००० डॉलर. जगातल्या बँका, ज्यात आमच्यासारख्याही आल्या, त्यावर अवलंबून. ती रक्कम ऐकून मला खरोखर राग आला होता. आम्ही कुलपाच्या कंपनीला दरवर्षी देखभालीचे पैसे देत होतो, आणि या कुलपाला काहीच नाही.

पुढे २०२२ च्या जानेवारीत लिनक्समधल्या पॉलकिट नावाच्या भागातली चूक निघाली, पीकेएक्झेक नावाची लहानशी आज्ञा, साधा वापरकर्ता तिच्यातून रूट, म्हणजे मशीनवर पूर्ण हक्क असलेला, होऊ शकत होता. ती २००९ पासून होती. बारा वर्षांहून जास्त!

म्हणून बाई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं : उघडा कोड आपोआप सुरक्षित होत नाही. तो तपासायची परवानगी सगळ्यांना असते, सुरक्षित होतो तो कुणीतरी खरोखर बसून तपासतो तेव्हा. बंद कोडात ती परवानगीच नाही. फरक इथे आहे.

मलप्रभाकाठ
काका, हे मी जसंच्या तसं फळ्यावर लिहिणार आहे.

विटीयू_बॅकबेंचर
पण काका तपासणार कोण? मी सहाव्या सेमला आहे. आमच्या वर्गात ओपन सोर्स म्हणजे गिटहब ह्या कोडच्या साइटवर प्रोफाइलला हिरवे चौकोन. रीडमी ह्या माहितीच्या फायलीत एक फुलस्टॉप वाढवायचा आणि पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल घ्या अशी विनंती, टाकायची. २०२० च्या हॅक्टोबरफेस्ट ह्या ओपन सोर्सच्या उपक्रमात तर टी-शर्टसाठी आपल्या देशातल्या पोरांनी असल्या रिक्वेस्टचा इतका पाऊस पाडला की आयोजकांना नियम बदलायला लागला, ज्या प्रोजेक्टला पाहिजे तेवढ्यांनीच भाग घ्यायचा असा. वाचून मला फार वाईट वाटलं. प्रोजेक्ट सांभाळणारा तो मेंटेनर बिचारा नोकरी करून रात्री बसतो आणि त्याच्या पुढ्यात आपण कचरा टाकतो.

निपाणी_टू_बंगळूर
@विटीयू_बॅकबेंचर लई बरोबर बोललास. आता त्यात एआय आलंय. कर्ल ह्या इंटरनेटवरून डेटा आणा-न्यायच्या टूलचा डॅनियल स्टेनबर्ग, ज्याचं टूल तुझ्या फोनपासून गाडीपर्यंत सगळीकडं आहे, तो उघड सांगतोय की एआयकडनं लिहून घेतलेले खोटे सुरक्षा-रिपोर्ट येतात. दिसायला एकदम व्यवस्थित, नीट वाचायला गेलं की त्यात दाखवलेला बग अस्तित्वातच नसतो. खोटं आहे हे सिद्ध करायला तासन् तास जातात. एक्सझेडमध्ये माणसाला थकवून हक्क काढून घेतले, इथं हेतू नसताना थकवणं चाललंय. थकलेला मेंटेनर ही सगळ्यात मोठी सुरक्षेची फट आहे, माझं तरी हेच मत झालंय.

वडगावचा_माग
कंपन्या पैसे का देत नाहीत मग? बंगळूरच्या कंपन्या तर ह्याच्यावरच उभ्या आहेत ना.

निपाणी_टू_बंगळूर
देत नाहीत हे खरं. मी आधी ज्या ठिकाणी होतो तिथं शेकडो ओपन लायब्रऱ्या वापरात, आणि देणगीचा विषय काढला की "बजेट कुठल्या हेडखाली?" डिसेंबर २०२१ ला लॉग४जे नावाच्या अशाच लायब्ररीतलं भोक उघड झालं तेव्हा मात्र त्याच साहेबांनी आम्हाला सुट्टीतनं बोलावलं आणि विचारलं की हे बनवणारे लोक पॅच लवकर का देत नाहीत. ते लोक स्वतःच्या सुट्टीत, बिनपगारी, रात्रभर बसले होते!

चांगलं पण सांगतो. बंगळूरच्याच झेरोधा ह्या शेअर-दलाली कंपनीनं ऑक्टोबर २०२४ मध्ये फ्लॉस फंड काढला, वर्षाला १० लाख डॉलर जगभरच्या ओपन सोर्स प्रोजेक्टना. आपल्या राज्यातनं हे व्हावं याचा मला अभिमान आहे. हार्टब्लीडनंतर लिनक्स फाउंडेशननं पण मोठ्या कंपन्यांकडनं पैसे गोळा करून ओपनएसएसएलला माणसं दिली. पैसा लागला की फरक पडतो, हे दिसलंय.

चिकोडी_एक्सप्रेस
ठीक आहे, माझं वाक्य मागं घेतलं 🙏 खरं आता मुद्द्याचं विचारतो. शाळेत टायपिंगचं काय? आमच्या भावकीतले एक मास्तर आहेत, त्यांच्या सगळ्या प्रश्नपत्रिका श्रीलिपीत, आणि ऑफिसचा कन्नड पत्रव्यवहार नुडीत. लिनक्सवर हे उघडणार का?

मलप्रभाकाठ
अगदी हाच प्रश्न आमच्या मुख्याध्यापकांचा. मराठी प्रश्नपत्रिका, कन्नडमधून येणारी परिपत्रकं आणि त्याची उत्तरं, इंग्रजी पोर्टल, तिन्ही रोज लागतं.

शहापूर_कट्टा
भाषेचा विषय निघालाच आहे तर मग बोर्डवर मराठी

नियामक
@शहापूर_कट्टा तो धागा वेगळा आहे, तिथे लिहा. इथे फक्त कीबोर्ड आणि फॉन्ट.

टिळकवाडीचे_काका
कीबोर्डबद्दल मला सांगू द्या, हा माझा जिव्हाळ्याचा विषय.

जुन्या श्रीलिपी, नुडीच्या फॉन्टमध्ये अक्षरं इंग्रजीच्या जागी बसवलेली असतात. फॉन्ट गेला की मजकूर म्हणजे इंग्रजी अक्षरांचा गोंधळ. म्हणजे तुमच्या शाळेचं दप्तर एका कंपनीच्या फॉन्टला बांधलेलं. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, कुठल्याही मशिनीवर, कुठल्याही फॉन्टमध्ये, तेच अक्षर दिसतं. नुडीच्या नव्या आवृत्त्यांतही युनिकोडची सोय आहे. तेव्हा लिनक्स टाका अथवा नका टाकू, नवीन जे काही लिहाल ते युनिकोडमध्येच लिहा. जुन्या फायलींसाठी कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्यांखालून घालावे लागतात.

आणि इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी शिकवा, मुलांना. आपल्या भागातल्या मुलांना त्याचा जो फायदा आहे तो पुण्याच्या मुलालाही नाही! इनस्क्रिप्टमध्ये मराठीचा क जिथे, कन्नडचाही क तिथेच. ग, म, र, सगळं तसंच. स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, दोन्ही भाषांत. एक मांडणी बोटांत बसली की दोन्ही लिप्या टाइप होतात. विंडोजवर आहे, लिनक्सवर आहे, वेगळं काही विकत घ्यायला लागत नाही. हे सीमाभागातल्या प्रत्येक शाळेत शिकवलं पाहिजे असं मी गेली कितीतरी वर्षं सांगत आलो आहे.

दूधगंगा
काका हे मला माहीतच नव्हतं. मी मराठी फोनेटिकमध्ये आणि कन्नड नुडीत करते, दोन वेगळी बोटं चालवते.

वडगावचा_माग
फॉन्टचं पण ओपन सोर्सच आहे ना? लोहित म्हणून फॉन्ट दिसतो लिनक्सवर.

निपाणी_टू_बंगळूर
व्हय, लोहित रेड हॅटनं सांभाळला, त्यांच्या पुण्याच्या लोकांचं त्यात मोठं काम आहे. देवनागरी आहे, कन्नड पण आहे. @विटीयू_बॅकबेंचर तू विचारलंस ना तपासणार कोण, तुझ्यासाठी हे घे काम. तुला मराठी आणि कन्नड दोन्ही येतं. लिबरऑफिस ह्या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही भाषांची फाइल उघड, प्रिंट काढ, पीडीएफ कर, कुठं जोडाक्षर फुटतंय, कुठं शोधताना शब्द सापडत नाही ते बघ. मग नीट बग नोंदव, कुठलं व्हर्जन, काय केलं की होतंय, स्क्रीनशॉट. अमेरिकेतल्या डेव्हलपरला हे दिसणारच नाही. असा एक नीट लिहिलेला बग शंभर फुलस्टॉपांपेक्षा मोलाचा आहे, मेंटेनर तुझे आभार मानेल.

विटीयू_बॅकबेंचर
हे जमेल. सुट्टीत घरी बैलहोंगलला जातोय, आजोबांच्या कन्नड फायली आहेत त्याच्यावरच सुरुवात करतो.

उद्यमबाग_लेथ
आता बाईंच्या लॅबकडं या की परत. कुणी तरी लांबलचक यादी न करता नीट सांगा, काय करायचं.

निपाणी_टू_बंगळूर
मी असतो तर असं केलं असतं. लॅबच्या मशिनींवर लिनक्स मिंट हा लिनक्सचा प्रकार, त्यातलं एक्सएफसीई हे हलकं रूप. ४ जीबीला ते चालतं. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. हार्ड डिस्क जुन्या फिरणाऱ्या असतील तर वर्गणीचे पैसे नवीन मशिनीवर घालण्यापेक्षा एसएसडीवर (न फिरणाऱ्या वेगवान डिस्कवर) घाला, फरक मुलांना पहिल्या दिवशी जाणवेल. मुलांचं खातं साधं, अ‍ॅडमिनचा पासवर्ड फक्त तुमच्याकडं. अपडेट आपोआप चालू ठेवा. मिंटमध्ये टाइमशिफ्ट असतं, कुणी काही बिघडवलं तर मागच्या तारखेला नेता येतं. लिबरऑफिस, जिओजेब्रा, स्क्रॅच, लहान मुलांना जीकॉम्प्री, सगळं मिळतं. केरळच्या शाळांमध्ये तर कितीतरी वर्षांपासून मुक्त सॉफ्टवेअरच चालतंय, तिथली पोरं दहावीपर्यंत लिनक्सवरच शिकतात. म्हणजे शाळेत होत नाही असं नाही.

दूधगंगा
ऑफिसची मशीन मात्र लगेच हलवू नका. सॅट्स, युडायस ही शाळांच्या माहितीची सरकारी पोर्टलं ब्राउझरमध्ये आहेत, ती लिनक्सवरही उघडतील. अडचण येईल डिजिटल सिग्नेचरच्या डोंगलची आणि प्रिंटरची. काही जुन्या लेझर प्रिंटरांचा ड्रायव्हर लिनक्सवर बसवता बसवता माणूस रडकुंडीला येतो, एचपीचे बरेच प्रिंटर मात्र सरळ चालतात. त्या एका मशिनीचं विंडोज ओरिजिनल असेल तर वाढीव अपडेट घ्या, शिक्षण संस्थांना मायक्रोसॉफ्टनं दर कमी ठेवलाय, पहिल्या वर्षी मशीनमागं १ डॉलर, दुसऱ्या वर्षी २, तिसऱ्या वर्षी ४. तीन वर्षांत नवीन मशिनीची सोय करा.

आणि बॅकअप. विंडोज असो लिनक्स असो, निकालाच्या फायली दोन ठिकाणी पाहिजेत, त्यातली एक मशीनला न जोडलेली. रॅन्समवेअर, म्हणजे वॉनाक्रायसारखा खंडणीचा व्हायरस, जोडलेली डिस्क पण लॉक करतं, आमच्या ओळखीच्या एका पतसंस्थेत तेच झालं. बॅकअप होता, पण चोवीस तास लावून ठेवलेला.

उद्यमबाग_लेथ
+१. आणि अडलं तर कुणाला विचारायचं हा दूधगंगाताईंचा प्रश्न राहिलाय. बाई, मी दर पंधरवड्याला खानापूरला येतो कामासाठी. माझं नाव लिहून ठेवा.

विटीयू_बॅकबेंचर
मी पण. कॉलेजमधले अजून दोघं तयार आहेत, रेल्वेनं येतो.

मलप्रभाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. कमिटीत आज बोलले. एक्सझेडवाले सदस्य काकांचं आणि निपाणीकरांचं लिखाण वाचून म्हणाले, "मग आपल्या टाकून दिलेल्या विंडोजचं आधी बघा." लॅब मिंटवर, ऑफिसची मशीन विंडोजवर वाढीव अपडेट घेऊन, असं ठरलं. एक-दोन मशिनींवर आधी करून बघणार, मुलांच्या हाताखाली महिनाभर चालू देणार, मग बाकीच्या. शनिवारी सकाळची शाळा असते, दुपारी लॅब मोकळी. त्याच वेळी नववीला हा तास पण घेणार आहे. मिंटचा आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करायची फाइल, मुख्य साइटवरूनच उतरवू ना? त्यात तर काही भानगड नसते?

निपाणी_टू_बंगळूर
मुख्य साइटवरूनच, पण तपासून. फेब्रुवारी २०१६ ला मिंटचीच साइट हॅक झाली होती, डाउनलोडची लिंक बदलून बॅकडोअर घातलेला आयएसओ दिला होता. मिंटवाल्यांनी लपवलं नाही, लगेच जाहीर केलं. म्हणून आयएसओ उतरला की त्याचा एसएचए२५६, म्हणजे फाइलची ओळख पटवणारा आकडा, काढायचा आणि साइटवर दिलेल्या आकड्याशी ताडायचा. पण साइटच हॅक असली तर तो आकडा पण बदललेला असू शकतो, तेवढ्यासाठी आकड्यांच्या फाइलवर मिंटची जीपीजी (डिजिटल) सही असते, ती पण तपासा. साइटवर पायऱ्या दिलेल्या आहेत. हे मुलांसमोरच करा बाई, प्रत्येकाला एकेक ओळ वाचायला द्या.

विटीयू_बॅकबेंचर
आयएसओ मी हॉस्टेलच्या वायफायवरनं उतरवून, सही तपासून आणतो. तरी तिथं तुम्ही परत तपासा, माझ्यावर विश्वास ठेवू नका.

मलप्रभाकाठ
तपासणारच. सव्वाबारापर्यंत या, जेवण आमच्याकडे.